मागच्या बाकावरचे चौघे

विद्यापीठात त्यांना तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे मातीबाई. बाईंना दोन्ही माहीत होतं आणि दुसरं जास्त आवडायचं. ज्याला टोपणनाव नाही तो शिक्षक एकतर नवा असतो नाहीतर निरुपयोगी, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या मृदा-यांत्रिकी शिकवायच्या. नाव भारदस्त आहे, विषय साधा आहे. इमारतीखालची जमीन इमारतीचं ओझं कसं सोसते, आणि कधी सोसत नाही, एवढंच. बाकीचे अभियंते जमिनीच्या वर जे दिसतं त्याच्या फुशारक्या मारतात. बाईंचा सगळा जीव जमिनीखाली. "वर काय वाट्टेल ते बांधा," त्या पहिल्याच तासाला सांगायच्या, "शेवटी गाठ माझ्याशी आहे."

पर्समध्ये कंगवा नसेल, पण जॅमच्या रिकाम्या बाटलीत कुठल्या तरी खड्ड्यातली चिकणमाती असायचीच. रस्त्यात खोदकाम दिसलं की बाई थांबणार, चिमूटभर माती उचलून बोटांत चोळणार आणि मुकादमाने न विचारता आपलं मत देणार. एकदा एका लांबच्या काकांना शेवटचा निरोप द्यायला दफनभूमीत गेल्या होत्या, तर तिथेही खड्ड्यात डोकावून "निचरा चांगला आहे हो" म्हणाल्या. काकूंना तो मोठा दिलासा वाटला.

नवराही त्यांना मातीतूनच मिळाला. तो कवळ्या बनवायचा. साच्याचं प्लास्टर घट्ट होताना आक्रसतं की फुगतं, यावर त्याचं दुकानदाराशी भांडण झालं, आणि निकाल लावून घ्यायला तो प्लास्टरचा गोळा घेऊन बाईंच्या प्रयोगशाळेत आला. बाईंनी मोजून सांगितलं, फुगतं. तो म्हणाला, मी तेच म्हणत होतो. आपलं म्हणणं पहिल्या झटक्यात पटलेला माणूस बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. त्यांनी त्याला सोडला नाही.

आता घराच्या मागच्या खोलीत त्याचं काम चालायचं. टेबलावर दहा-बारा कवळ्या ओळीने दात विचकून बसलेल्या असायच्या. वरच्या मजल्यावर बाईंची थोरली बहीण राहायची. ही ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे आता कोणाचंही बोलणं मध्येच तोडायचा आपल्याला हक्क आहे, असं ती धरून चालायची.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं.

विभागप्रमुख काँक्रीटचे माणूस. बोलणंही तसंच, एकदा ओतलं की घट्ट. समोर निकालाचा तक्ता होता.

"मॅडम, तुमच्या विषयात तिघांत दोघं नापास. दरवर्षी."

"मग? जमीन कोणाला ग्रेस मार्क देत नाही."

"जमीन फीसुद्धा घेत नाही," विभागप्रमुख म्हणाले. "पालक माझ्याकडे येतात, जमिनीकडे नाही. हे बघा, स्पष्टच सांगतो. हा विषय पुढच्या सत्रापासून व्हिडिओवर टाकायचा विचार चाललाय. तयार तास विकत मिळतात. मुलं घरी बघतील. तुम्ही प्रयोगशाळा सांभाळा."

प्रयोगशाळा सांभाळा म्हणजे भांडी घासा. विषय गेला तर मातीबाईंतली माती जाणार आणि नुसती बाई उरणार. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती.

"आणि दुसरा रस्ता?"

"सहविकास मंडळात जा. सत्र संपताना त्यांचा अहवाल येतो. तुमच्या शिकवण्यात फरक पडला असं त्यांनी लिहून दिलं, तर तो कागद घेऊन मी वरच्यांशी भांडतो. रिकाम्या हाताने भांडायला मी काही पैलवान नाही."

सहविकास मंडळाची कल्पना कागदावर फार सुंदर होती. वेगवेगळ्या विभागांतल्या पाच प्राध्यापकांनी दर आठवड्याला भेटायचं. आलटून पालटून एकमेकांच्या तासाला मागे बसायचं. मग जे पाहिलं त्यावर मोकळेपणाने बोलायचं. कोणी साहेब नाही, कोणी परीक्षक नाही, सगळेच शिकणारे.

मंडळ चालवायच्या शिक्षणशास्त्राच्या एक तरुण प्राध्यापिका. त्यांनी कुठे तरी प्रशिक्षण घेतलं होतं आणि ते अंगात मुरलं होतं. खोलीत शिरल्या शिरल्या त्या खुर्च्या गोलात मांडायच्या, म्हणून वर्तुळबाई. दुसऱ्या कायद्याच्या प्राध्यापिका, हरकत मॅडम. समोरचा शिंकला तरी त्यांची त्याला हरकत असायची. तिसरा संख्याशास्त्राचा तरणा गडी, सरासरी. त्याला शांतता सोसत नसे. दोन सेकंद कोणी बोललं नाही की हा काही तरी बोलायचाच, मग ते बरोबर असो की चूक. चौथे तत्त्वज्ञानाचे सर, समाधी. ते डोळे मिटून बसत. झोपलेत की विचार करताहेत, हे त्यांच्या बायकोलाही सांगता येत नसे.

मंडळाचा मुख्य नियम असा की 'पण' हा शब्द वापरायचा नाही. 'पण'मुळे मन दुखावतं. त्याऐवजी 'आणि' म्हणायचं.

"तुमचा तास फार छान झाला," हरकत मॅडम पहिल्याच बैठकीत समाधींना म्हणाल्या, "आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

"वा!" वर्तुळबाई म्हणाल्या. "किती सकारात्मक मांडलंत!"

मातीबाई मनात म्हणाल्या, अरे देवा.

मग पुढचे तास पाहताना बाईंच्या लक्षात आलं की हे सगळं नाटक आहे. ज्याचा तास बघायचा असे तो आधीच तालीम करून ठेवायचा. हरकत मॅडमच्या वर्गात मुलांनी खोटा खटला उभा केला. साक्षीदाराने इतकं पाठ केलं होतं की प्रश्न विचारायच्या आधीच त्याने उत्तर दिलं. सरासरीने नाणी उडवायचा खेळ घेतला. पहिलं नाणं वर गेलं तोच एक मुलगी म्हणाली, "सर, हे काल केलं ना आपण?" सरासरी घामाघूम झाला. बैठकीत मात्र सगळ्यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. उंटाने गाढवाच्या गळ्याची तारीफ करावी आणि गाढवाने उंटाच्या रूपाची, तसं. मातीबाईंना त्या नाण्यांच्या तासातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्यांनीही "छान" म्हटलं. भांडून अहवाल कोण घालवणार?

घरी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. तो एका कवळीला कानस मारत होता.

"अगं, त्यात काय एवढं," तो म्हणाला. "खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. माझा धंदा त्यावर तर चाललाय."

"म्हणजे मीही दाखवायचा तास घ्यायचा?"

"मग काय खायचा दाखवणार आहेस? घाबरून पळून जातील."

तेव्हा बाईंनीही दाखवायचा तास तयार केला. विषयातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यांच्या मते सगळ्यात सोपा मुद्दा निवडला. काचेची मोठी बरणी. तळाशी पूर्ण भिजलेला स्पंज. त्यावर बोटभर पाणी. प्रश्न असा: बरणीत आणखी पाणी ओतलं, अगदी काठोकाठ भरलं, तर खालचा स्पंज दबेल का?

दबत नाही. पाणी स्पंजच्या वर आहे तसं त्याच्या आतल्या भोकाभोकांतही आहे. वरून जितकं दाबतं तितकंच आतून रेटतं. स्पंजला त्याचं काही नाही. मात्र त्याच स्पंजवर दगड ठेवला तर तो चपटा होतो. तळ्याखालच्या जमिनीचं असंच. वर पाणी कितीही वाढू दे, जमीन खचत नाही. तिच्यावर इमारत ठेवा, मग खचते. हे ज्याला कळलं त्याला अर्धी मृदा-यांत्रिकी कळली.

बाईंनी स्वयंपाकघरात बरणी मांडून तालीम केली. समोर नवरा आणि ताई.

"सांगा, दबेल का?"

"दबणारच की," ताई म्हणाली. "एवढं पाणी उरावर घेतल्यावर कोण दबणार नाही?"

"मलाही तसंच वाटतं," नवरा म्हणाला.

"तुम्हाला नाही कळायचं," बाई म्हणाल्या आणि पाणी ओतलं. स्पंज ढिम्म हलला नाही.

"तुझा स्पंजच तुझ्यासारखा आहे," ताई म्हणाली. "त्यात विज्ञान नाही, हट्ट आहे."

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला बाजूला घेतलं. ही वर्गातली सगळ्यात हुशार. "मी विचारलं की तू उठायचं आणि हे असं असं उत्तर द्यायचं," म्हणून तिला तीन वाक्यं पढवली. असं काही त्या आयुष्यात पहिल्यांदाच करत होत्या. चष्मेवालीने मान डोलावली. बाईंना स्वतःची थोडी लाज वाटली, पण विषय हातचा जाण्यापेक्षा लाज परवडली.

तासाला चौघे मागच्या बाकावर येऊन बसले आणि गंमत सुरू झाली. जन्मभर फळ्याशी उभं राहून मुलांना दटावणारी ही माणसं मागे बसली की मुलांपेक्षा वाईट वागतात, हा नियमच आहे. हरकत मॅडम उशिरा आल्या, त्याही बाक सरकवत. वर्तुळबाई बाक गोलात लावता येतील का याचा अंदाज घेत होत्या. समाधींनी डोळे मिटले. सरासरीचा फोन वाजला. त्याने तो बंद करताना चुकून आवाज आणखी मोठा केला.

बाईंनी बरणी टेबलावर ठेवली. पाण्याचा तांब्या हातात घेतला. घरच्यापेक्षा छान जमलं होतं सगळं.

"तर सांगा, मी हे पाणी वर ओतलं तर खालचा स्पंज दबेल का?"

ठरल्याप्रमाणे चष्मेवाली उठणार होती. तिने उठायला पाय सरकवले. तेवढ्यात वर्गात दोन सेकंद शांतता झाली.

"दबेल!" मागून सरासरी ओरडला. "जास्त पाणी, जास्त वजन, जास्त दाब. सरळ आहे."

"माझी हरकत आहे," हरकत मॅडम म्हणाल्या. "स्पंज कशाचा आहे त्यावर अवलंबून आहे. पुरावा समोर आल्याशिवाय तुम्ही निष्कर्ष कसा काढता?"

"मॅडम, वजन म्हणजे वजन. त्याला वकील लागत नाही."

"दबेल, मलाही वाटतं दबेल," वर्तुळबाई हळूच म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं एकमेकांचं ऐकून घ्या."

समाधींनी डोळे उघडले. "दबणं म्हणजे काय, हे आधी ठरवायला नको का? मुळात हा स्पंज ओला झाल्यावर स्पंज उरतो का?"

"उरतो!" सरासरी म्हणाला.

"कशावरून?"

चौघांची जुंपली. सगळा वर्ग पाठ फिरवून मागे बघायला लागला. कुस्तीला गर्दी जमावी तशी मुलं बाकांवर गुडघे टेकून उभी राहिली. पुढे तांब्या हातात धरून बाई एकट्या. कोणाला त्यांची आठवणही नव्हती. हरकत मॅडम बोट नाचवत होत्या, सरासरी फळ्यावर आकृती काढू द्या म्हणून पुढे यायला निघाला होता.

बाईंनी मुद्दाम काही केलं नाही. जे झालं ते वीस-बावीस वर्षांच्या सवयीने झालं.

"मागच्या बाकावरचे चौघे," त्या गरजल्या, "बाहेर!"

सरासरी होता तिथेच थिजला. हरकत मॅडमचं बोट हवेत राहिलं. मग सगळ्यात आधी समाधी उठले, पिशवी उचलली आणि मुकाट दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागून बाकीचे तिघे, खाली मान घालून, एका ओळीत. दार लावताना वर्तुळबाई "सॉरी" म्हणाल्या.

आणि मग बाईंना उमगलं आपण काय केलं ते. अहवाल लिहिणारे चारच लोक होते, आणि ते चारही आता बाहेर होते. झालं. माती खाल्ली. त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला.

"तू सांग गं," त्या चष्मेवालीला थकल्या आवाजात म्हणाल्या. नाटक संपवायचं म्हणून.

चष्मेवाली उठली. "मॅडम, मला उत्तर पाठ आहे," ती म्हणाली, "सांगते. पण खरं सांगू का? मलाही वाटतं दबेल."

"काय?"

"त्या सरांनी म्हटलं ना, जास्त पाणी म्हणजे जास्त वजन. मला पहिल्या आठवड्यापासून तेच वाटतंय. गणितात तुम्ही सांगता तसा पाण्याचा दाब वजा करते, उत्तर बरोबर येतं. का वजा करायचा ते नाही माहीत."

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. "आणखी कोणाला वाटतं, दबेल?"

एक हात वर आला. मग मागून दोन. आधी कोपरापर्यंत, मग सरळ, सगळा वर्ग हात वर करून बसला. पासवाले, नापासवाले, पहिल्या बाकावरचे, खिडकीतून बाहेर बघणारे, सगळे.

"मग आजवर कोणी विचारलं का नाही?"

"मॅडम," खिडकीजवळचा एकजण म्हणाला, "तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात हा सोपा मुद्दा आहे. सोप्या गोष्टीचं कोण विचारणार? आज एवढी मोठमोठी सर-मॅडम लोकं चुकली, मग म्हटलं, आपण एकटे नाही."

बाई खुर्चीत बसल्या. तासाला त्या कधी बसत नसत. ताई म्हणाली होती दबणारच, नवरा म्हणाला होता दबेल, आणि आपण काय म्हणालो, तुम्हाला नाही कळायचं. इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो आणि घड्यालाच दोष देत होतो. स्वतःचा असा राग आला की कोणावर तरी काढायला हवा होता. मागचा बाक रिकामा होता.

"चला," त्या म्हणाल्या, "सगळे टेबलाभोवती या. आज वही नको."

पुढच्या बैठकीला बाई गेल्या त्या शिक्षा ऐकायलाच. खुर्च्या गोलात होत्या. वर्तुळबाईंच्या हातात नियमांचा कागद होता.

"आपल्या नियमांत निरीक्षकांना वर्गाबाहेर काढायची तरतूद नाही."

"मनाईही नाही," हरकत मॅडम म्हणाल्या. "मी तपासलं. नाइलाजाने." मग बाईंकडे वळून, "मला शाळेतसुद्धा कधी कोणी बाहेर काढलं नव्हतं."

"मला काढलं होतं," समाधी डोळे मिटूनच म्हणाले. "बऱ्याचदा. फार दिवसांनी तो अनुभव आला. तरुण झाल्यासारखं वाटलं."

"मी माफी मागणार नाही," मातीबाई म्हणाल्या. "तुम्ही गोंधळ घातलात. पण—"

"आणि," तिघे सवयीने म्हणाले.

"पण," बाई ठासून म्हणाल्या, "तुमच्या गोंधळाने जे झालं ते मला आजवर जमलं नव्हतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चष्मेवालीला पढवल्याचंही. त्यावर हरकत मॅडमनी खाली पाहिलं आणि सरासरीने छताकडे.

"ते सगळं ठीक आहे," सरासरी म्हणाला, "पण मॅडम, स्पंज दबतो. मी घरी करून पाहिलं." त्याने पिशवीतून भांडी घासायचा पिवळा स्पंज काढला.

सफाईच्या कपाटातून बादली आली. गोल मोडला. पाचही जण बादलीभोवती वाकले. सरासरीने स्पंज पाण्यात टाकला. तो तरंगला. त्याने बोटाने खाली दाबून धरला आणि वरून पाणी ओतलं. "बघा, गेला की नाही आत?"

"तुम्ही बोट दाबताय," हरकत मॅडम म्हणाल्या. "हा बनावट पुरावा आहे."

"बोट काढलं तर वर येतो तो!"

"पण तुम्ही त्यातली हवा काढलीच नाही!" वर्तुळबाई एकदम ओरडल्या. बाह्या सरसावून त्यांनी दोन्ही हात बादलीत घातले, स्पंज पाण्याखाली पिळून पिळून बुडबुडे काढले आणि सोडला. तो तळाला जाऊन बसला. पाणी काठापर्यंत भरलं. तो तसाच. मग समाधींनी टेबलावरचा काचेचा जड पेपरवेट त्यावर ठेवला, आणि स्पंज चपटा झाला.

कोणीच काही बोललं नाही. सरासरीसुद्धा.

"तुम्ही 'पण' म्हणालात," हरकत मॅडम वर्तुळबाईंना म्हणाल्या.

"म्हणाले तर म्हणाले," वर्तुळबाई ओले हात झटकत म्हणाल्या.

मातीबाईंना तेव्हाच सुचलं. "माझ्या तासाला दर आठवड्याला या," त्या म्हणाल्या. "तयारी न करता. मी प्रश्न विचारला की जे मनात येईल ते मोठ्याने बोला. भांडा. चुकलात तर फारच उत्तम."

"म्हणजे आम्ही तुमच्या वर्गात अडाण्याचं सोंग घेऊन बसायचं?" हरकत मॅडम म्हणाल्या.

"सोंग कशाला? आहातच की."

हरकत मॅडमनी याला लेखी हरकत नोंदवली.

पण आल्या. सगळेच आले. सरासरी चुकायचा आणि मुलं त्याला चूक दाखवताना स्वतः शिकायची. हरकत मॅडम मुलांची उलटतपासणी घ्यायच्या. समाधी मधूनच एखादा प्रश्न टाकायचे, त्याचं उत्तर शोधायला बाईंना घरी पुस्तक उघडावं लागायचं. जास्त गोंधळ झाला तर बाई अजूनही बाहेर काढायच्या. ते आता मानाचं समजलं जाऊ लागलं. बदल्यात बाई त्यांच्या तासाला जायच्या. सरासरीच्या वर्गात त्यांनी सरळ हात वर केला, "मला हे नाण्यांचं तेव्हाही कळलं नव्हतं, आजही नाही." आजूबाजूच्या मुलांनी त्यांच्याकडे देवदूताकडे बघावं तसं पाहिलं.

चमत्कार वगैरे झाला नाही. चाचणीत अजूनही बरेच गटांगळ्या खात होते. मात्र नापास पोरांनी उत्तरपत्रिकेत आकडे कोंबायचं सोडून दिलं आणि "इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही" असं लिहायला सुरुवात केली. बाईंनी त्याला गुण दिले नाहीत. पण तिथूनच पुढचा तास सुरू केला.

सत्र संपत आलं. अहवाल विभागप्रमुखांकडे गेला आणि त्यांनी बाईंना बोलावलं.

"मॅडम, हे काय आहे?" ते वाचू लागले. "'सदर प्राध्यापिकेने आम्हां चौघांना वर्गाबाहेर काढले. ते योग्यच होते. आम्ही दर आठवड्याला परत जातो.' हे मी वर पाठवू? मला विचारतील, हा अहवाल आहे की कबुलीजबाब."

"मग उद्या येऊन बघा. वर काय सांगायचं ते बघून ठरवा."

विभागप्रमुख आले. मुद्दाम न कळवता, तास सुरू झाल्यावर. चौघांनी सरकून त्यांना मागच्या बाकावर जागा दिली. बाईंनी ठरवलं होतं की तालीम नाही म्हणजे नाही. त्या दिवशी सत्राची उजळणी होती, म्हणून बरणी पुन्हा निघाली होती.

"सर, आमच्याकडे पाहुण्यालाही उत्तर द्यावं लागतं," चष्मेवाली म्हणाली. "पाणी वाढवलं तर हा स्पंज दबेल का?"

विभागप्रमुख हसले. तीस वर्षं काँक्रीट शिकवलेल्या माणसाला असला प्रश्न. "दबेल," ते म्हणाले. "वजन आहे ते. जाणार कुठे?"

वर्गात कोणीही हसलं नाही. खिडकीजवळच्या पोराने फक्त तांब्या त्यांच्या हातात दिला. विभागप्रमुख पुढे आले, पाणी ओतलं, वाकले. बरणीच्या काचेला जवळजवळ नाक टेकलं.

"हवा राहिली असेल आत."

"काढलीय, सर."

"काच जाड आहे, दिसत नाही नीट."

"पट्टी लावून मोजा, सर."

त्यांनी मोजलं. आणखी पाणी ओतलं, टेबलावर सांडलं, परत मोजलं. "मग वजन गेलं कुठे?" ते बरणीलाच विचारत होते.

"तळावर, सर," चष्मेवाली म्हणाली. "पाण्यातून पाण्याला, पाण्यातून तळाला. स्पंज मध्ये आहे, पण त्याच्या अंगावर काही येत नाही."

"हे मला पटत नाही."

"आम्हालाही पटलं नव्हतं," मागून सरासरी म्हणाला. "बसा सर, वेळ लागतो."

तास संपला तरी ते गेले नाहीत. मुलं निघून गेली, चौघे दाराशी रेंगाळले. विभागप्रमुखांच्या शर्टाची एक बाही कोपरापर्यंत ओली होती.

"व्हिडिओचं बघू आपण," ते म्हणाले.

"बघू नका," मातीबाई म्हणाल्या. "सांगा. हो की नाही?"

"नाही," विभागप्रमुख म्हणाले. "म्हणजे व्हिडिओ नाही. विषय तुमचा. वर मी बोलतो. निकाल मात्र सुधारायला हवा हां, ते सोडणार नाही मी."

"सोडू नका."

ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "आणि ही बरणी मी घरी नेतो. उद्या आणून देतो. माझी बायको म्हणेल दबेल, बघा तुम्ही."

बाईंनी बरणीला झाकण घट्ट बसवून दिलं. चौघांनी दार उघडून धरलं, आणि काँक्रीटवाले ओल्या बाहीने बरणी छातीशी धरून, पाणी हिंदकळू नये म्हणून फुंकून फुंकून पावलं टाकत जिना उतरू लागले.